सावलीबद्दल लिही

अणदूर,
२४ नोव्हेंबर १९८२

प्रिय मथुराक्का,
सप्रेम जयभीम.

तुम्ही ऊसतोडीला गेल्याला आठवडा होऊन गेला. पत्र लगेच लिहायचं होतं, पण दाजींनी दिलेला कारखान्याचा पत्ता मला अपुरा वाटत होता. मुकादमाच्या घरी जाऊन पुन्हा विचारून आले, तेव्हा धीर झाला. दाजी, तुम्ही वाचून दाखवणार म्हणून तुम्हालाही जयभीम. वाचताना कृपा करून काही गाळू नका.

तुझी विशाखा बरी आहे. तू ट्रकमध्ये चढलीस तेव्हा ती झोपेत होती, ते एका परीनं बरं झालं, असं आई म्हणते. मला तसं वाटत नाही. उठल्यावर तिनं तुला घरभर शोधलं. चालायला नुकती लागलेली, तरी रांजणामागं, चुलीमागं, दाराच्या मागं बघून आली. मग बाहेरच्या दगडावर बसून रस्त्याकडं बघत राहिली. त्या दिवशी तिनं काही तोंडात घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी भाकरीचा काला खाल्ला. आता खाते. शेजारच्या कुत्र्याला 'मामा' म्हणते आणि आबांना काहीच म्हणत नाही, त्यामुळं आबा रुसले आहेत.

तिच्या झोळीचं लुगडं, तुझं ते हिरवं, कुठंच सापडत नाही. तिला त्याच्याच वासावर झोप येते. आईनं उतरंड हलवून पाहिली. तू कुठं ठेवलंस ते कळव.

गावाच्या वरच्या अंगाला रोजगार हमीतून पाझर तलावाचं काम निघालं आहे. तुम्ही नागपंचमीला मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली त्याच्या आधी निघालं असतं तर तू इथंच राहिली असतीस, हे माझ्या डोक्यातून जात नाही. मी आणि आई मातीच्या पाट्या वाहतो. विशाखाला बरोबर नेते. बायकांची बरीच लेकरं असतात, ती खड्ड्याच्या कडेला उन्हातच. कामावर देखरेख करणाऱ्या मिस्त्रींच्या खोपटावर एक छापील सूचना चिकटवली आहे, ती मी वाचली. कामावर सावली पाहिजे, पिण्याचं पाणी पाहिजे, औषधाची पेटी पाहिजे, आणि लेकरं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई ठेवून तिला इतरांसारखाच रोज दिला पाहिजे, असं त्यात आहे. इथं यातलं फक्त पाणी आहे. मिस्त्रींना विचारावं असं रोज ठरवते. आपल्या घरातली शाळेत गेलेली मी पहिलीच, तेव्हा लोकांना वाटेल की चार बुकं शिकली आणि उद्धट झाली. खरंच उद्धटपणाचं आहे का ते? तू सांग.

तुझी,
तारामती

---

कारखान्याचा तळ,
८ डिसेंबर १९८२

तारास मथुराक्काचा जयभीम. लिहिणार मच्छिंद्र. सांगेल तसं लिहितो.

तुझं पत्र पोचलं. आमी खुशाल हाव. थंडी लई हाय. पहाटं उसाला हात लावला की बोटं कुणाची हायती ते कळत न्हाय. चांगुणा यंदाबी आमच्या शेजारच्याच पाचटाच्या कोपीत हाय. तिचा नवरा बोलतो, ती बोलत न्हाय. ट्रक उसाच्या फडात आला की ती लांबच्या सरीला जाती. मागल्या साली तिनं लेकरू ट्रकाच्या सावलीला निजवलं हुतं. सबंद फडात तेवढीच सावली. डायवरला ठावं नव्हतं. आईला हे पुन्यांदा सांग. मी निघताना ती म्हनली, पोटची पोर टाकून चालली. टाकून न्हाय, ठिवून आले.

मिस्त्रीला विचार. उद्धट काय त्यात. लिहिलंय ते वाचलं, येवढंच.

आता एक ऐक. पोरीबद्दल लिहू नगस. ती दारामागं बघून आली, हे ऐकल्यापून माझं कामात ध्यान न्हाय. काल कोयता पायावर आला. बारकी जखम हाय. जयंतीला घरी आले की डोळ्यानंच बघीन. तवर तिचं नाव काढू नगस.

झोळीच्या लुगड्याचं मला ठावं न्हाय.

(जखम बारकी नाही. हळद भरली आहे. पण ती बसली तर मुकादम म्हणतो कोयता मोडला, कारण इथं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एक बसला की दुसऱ्याची हजेरीच नाही. हे मी माझ्या मनानं लिहिलं, तिला वाचून दाखवणार नाही. मच्छिंद्र)

---

अणदूर,
१७ डिसेंबर १९८२

प्रिय मथुराक्का,
सप्रेम जयभीम.

तू सांगितलंस तसंच करते. तू जे लिहू नकोस म्हणालीस ते या पत्रात कुठंही येणार नाही. पायाला जप. दाजी, गुळवेलीचा काढा मिळाला तर बघा.

मग काय लिहू, असा प्रश्न पडला. कामावरचंच लिहिते.

मी मिस्त्रींना विचारलं. पंचाक्षरी म्हणून आहेत, बरे गृहस्थ आहेत, पण घाईत असतात. मी विचारल्यावर म्हणाले, "आधी माती, मग सावली." मी म्हणाले, "मग तो कागद काढून ठेवा साहेब. वाचणाऱ्याला वाटतं की हे सगळं इथं आहे." अक्का, मी टोमणा मारला नव्हता. मला खरंच तसं वाटलं होतं, कारण नसलेली गोष्ट भिंतीवर असणं बरं नाही. ते माझ्याकडं बघतच राहिले. मी घरी येऊन जेवले नाही. वाटलं, आता आईचंही काम जाणार. पण पुढच्या सोमवारी चार बांबू आणि तट्ट्या आल्या. कामावरच्या धोंडप्पानं खड्डे घेतले. उत्तर-दक्षिण असं छप्पर उभं राहिलं. दोन्ही बाजू उघड्या आहेत, म्हणजे वारा येतो. सकाळी ऊन पूर्वेकडून आत येतं, तेव्हा तिकडं एक पोतं लावते. माठ उत्तरेच्या कोपऱ्यात, वर लाकडी झाकण, झाकणावर दगड, कारण बाकी काही उघडता आलं नाही तरी लेकरांना माठ उघडता येतो.

सांभाळायला बाई म्हणून मी सुमनबाईंचं नाव सुचवलं. त्यांना आता पाटी झेपत नाही. पण पहिल्याच दुपारी त्यांना झोप लागली आणि एक पोरगं खड्ड्याच्या काठापर्यंत गेलं. मग बायकाच म्हणाल्या, तारानं बसावं. धोंडप्पा सगळ्यांसमोर म्हणाला की पोरगी हुशार, स्वतःपुरती सावली मागून घेतली. तसं झालंय की काय, हे मी अजून तपासते आहे.

आणखी एक शंका होती. सांभाळायच्या लेकरांत आपल्या नात्यातलं कुणी असेल, तर त्याला सांभाळायचा रोज घेणं बरोबर आहे का? ते तर घरचंच काम. मी मिस्त्रींना तसं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, सरकारला नातं कळत नाही, लेकरू कळतं." आणि हसत निघून गेले. मला अजून पूर्ण पटलेलं नाही.

पाटी वाहणारी रुद्रम्मा आपली झोळी आमच्या छपरात आणत नाही. मी जयभीमवाली, म्हणून तिनं पलीकडच्या बाभळीला वेगळी बांधली आहे. पण बाभळीची सावली सरकते. दुपारी ती झोळी सोडून आमच्या बाजूच्या फांदीला बांधते. ऊन आणखी कलतं तेव्हा सावली बाभळीपासून लांब सरकते, झोळीवर उरत नाही. मग ती काही न बोलता पोरगं माझ्या मांडीवर ठेवते आणि पाटी उचलून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बाभळीपासून सुरुवात. आम्ही दोघीही यावर बोलत नाही.

इथली लेकरं बरी आहेत. सगळी.

तुझी,
तारामती

---

कारखान्याचा तळ,
३१ डिसेंबर १९८२

चि. तारामती हिस मच्छिंद्रचा जयभीम.

हे पत्र मथुराला न सांगता लिहितोय. तिचा पाय भरून आला, काळजी करू नये.

तुझं सावलीचं पत्र मी वाचून दाखवलं. आधी ती तोंड फिरवून भाकरी थापत होती. शेवटी तू 'सगळी' लिहिलंस तिथं तिचा हात थांबला. म्हणाली, पुन्हा वाचा. मी तेवढीच ओळ वाचली तर म्हणाली, न्हाय, बांबूपासून वाचा. तेव्हापासून रोज वाचतोय. सकाळी ऊन आत येतं, तिकडं तारा पोतं लावती, हे ती आता माझ्या आधी म्हणते. तू पोरीचं नाव काढलं नाहीस, पण मथुराला त्यात पोरगीच दिसते. पोत्याच्या अलीकडं बसलेली.

मग शेजारच्या बायका येऊ लागल्या. कोपीसमोर बसतात आणि मला वाचायला लावतात. मुकादमाची बायकोसुद्धा येऊन बसते, वर म्हणते मी आपली शेकायला आले. त्यांचे प्रश्न असे: छपराला तट्ट्या किती लागल्या, सांभाळणाऱ्या बाईला रोज खरंच देतात का, रडणारं लेकरू आईला आणून देतात का. बिगरीच्या मास्तरसारखी माझी गत झाली आहे. अक्षर मोठं काढ, मी चौथी पास माणूस.

चांगुणा इतक्या दिवसांत एकदाच बोलली. म्हणाली, "त्या सांभाळणाऱ्या बाईचा डोळा लागला तर?"

मला काय सांगावं कळेना. म्हणून तुला विचारतो.

मच्छिंद्र

---

अणदूर,
८ जानेवारी १९८३

आदरणीय दाजी,
सप्रेम जयभीम.

अक्षर मोठं काढलं आहे.

चांगुणाबाईंना सांगा की माझाही डोळा लागतो. जेवणानंतर लागतोच. नाही लागत असं लिहिलं तर ते खोटं होईल. सुमनबाईंचं पाहिल्यापासून मला त्याची भीती होती. म्हणून मी सगळ्या झोळ्या एका दोरीनं एकमेकींना जोडल्या आहेत. पहिलीपासून शेवटचीपर्यंत दोरी जाते आणि तिचं टोक मी पायाच्या अंगठ्याला बांधते. कुठलंही लेकरू हललं की अंगठा ओढला जातो आणि मी जागी होते. रांगणारी असतात त्यांच्या कमरेलाही एक सैल दोरी आहे. पहिले काही दिवस अंगठा सोलला, आता सवय झाली. आई हसते. म्हणते, शाळा शिकून बैलासारखी दाव्याला बसली.

पण दाजी, एक गोष्ट कृपा करून सगळ्यांना नीट वाचून दाखवा. आमच्याकडची ती सूचना रोजगार हमीच्या कामाची आहे. ती कारखान्याला लागू आहे असं मी म्हटलेलं नाही. बहुधा नसावी. मला माहीत नाही. माझ्या पत्रावर भरवसा ठेवून कुणी काही मागितलं आणि मुकादमानं त्यांना हाकलून दिलं, तर त्याचं पाप मला लागेल. तुम्ही आणि अक्का तर यात पडूच नका.

इथं सगळं बरं आहे. रुद्रम्माची झोळी परवापासून सकाळीच छपरात येते. तिची दोरीही जोडली. सगळी लेकरं बरी आहेत.

तुमची,
तारामती

ता. क. अक्काला सांगा, लुगडं अजून सापडलं नाही.

---

कारखान्याचा तळ,
२७ जानेवारी १९८३

तारास मथुराक्काचा जयभीम. लिहिणार मच्छिंद्र.

तू म्हनलीस पडू नका. आमी पडलो.

तुझं ते पत्र वाचून झाल्यावर चांगुणा उठून गेली. दुसऱ्या दिशी ती दोरी वळत बसली हुती. पाचटाची न्हाय, चांगली अंबाडीची. मी म्हनलं कशाला गं. तर म्हनली, अंगठ्याला.

मग आमी बायकांनी ठरवलं. कारखान्याला काट्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागती. वजनाला नंबर यायला निम्मा दिस जातो, म्हणून गाडीवान बैल सोडून ठिवतेत. गाडीखाली सावली असती. त्या दिवशी आमी कुनी फडात गेलो न्हाय. लेकरं घिऊन काट्यावर गेलो आनि सोडलेल्या गाड्यांच्या खाली झोळ्या बांधल्या. एका गाडीची झोळी दुसऱ्या गाडीच्या झोळीला दोरीनं जोडली, तू जोडतीस तशी. काट्यापून पार पानंदीपत्तोर. आनि पहिल्या गाडीपाशी चांगुणा बसली, दोरीचं टोक अंगठ्याला बांधून.

नंबर आला तसं गाडीवान बैल घिऊन आले. खाली वाकून बघितलं आनि तसंच उभे ऱ्हायले. कुनी जू उचललं न्हाय. मागल्या सालचं सगळ्यांनाच ठावं हाय. मुकादम वरडला. तेच्या बायकोनंच तेला गप केलं, तिची नात बी तिसऱ्या गाडीखाली हुती. मग कारखान्याच्या शेतकीचा साहेब आला. म्हनला, ह्यो काय तमाशा लावलाय. तवा चांगुणा बोलली. हळूच बोलली.

"साहेब, हळू. निजलेत."

साहेब बी हळूच बोलाय लागला. तेला कळलं बी न्हाय आपला आवाज कवा उतरला.

(हे खरं आहे. सगळा काटा कुजबुजत होता. ऊस आत जाईना, ऊस टाकायची गव्हाण रिकामी पडली, तेव्हा मोठे साहेब आले. त्यांनाही लोकांनी तोंडावर बोट ठेवून आणलं. मच्छिंद्र)

दुपार टळल्यावर मोठे साहेब सावली द्यायला कबूल झाले. बारदानाच्या गोदामामागं पत्र्याचं शेड हाय, ते झाडून देतो, माठ देतो, दोन बायकांना रोज देतो. मुकादम मातुर तुझ्या दाजीला म्हनला, पुढल्या साली तुला टोळीत घेत न्हाय. बघू. पुढलं साल लांब हाय.

झोळ्या सोडताना साहेबानं चांगुणाच्या झोळीत वाकून बघितलं. आत पाचटाची पेंढी हुती, लुगड्यात नीट गुंडाळलेली.

तिच्या शेजारची बी रिकामीच हुती. ती माझी. तारा, हिरवं लुगडं म्या आनलं हुतं. तुला खोटं बोलले. इथं उशाला घेती. तेला अजून तिचा वास हाय, नसंल तरी मला येतो.

आता पोरीला घिऊन ये. शेडात एक बाई चांगुणा. दुसरी तूच ये. म्हंजी दिवसभर पोरगी तुझ्याजवळ, सांजंला माझ्याजवळ. दोघी बहिणी एका जागी ऱ्हाऊ. ये.

(साहेबांचंही म्हणणं आहे की एक लिहिता-वाचता येणारी असावी. मथुरानं कोपी सारवून ठेवली आहे आणि मला आत पाय ठेवू देत नाही. मच्छिंद्र)

---

अणदूर,
४ फेब्रुवारी १९८३

प्रिय मथुराक्का,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मी घरात वाचून दाखवलं. संध्याकाळी आईनं तुझ्या नावानं दोन भाकरी जास्त थापल्या आणि मग त्या कुणी खायच्या म्हणून मलाच रागावली. चांगुणाबाईंना माझा जयभीम सांग. त्या पाचटाच्या पेंढीपासून पुढं मला मोठ्यानं वाचता आलं नाही. आबांनी पत्र घेतलं आणि वाचता येत नसताना बराच वेळ बघत बसले.

आबा सोमवारी विशाखाला घेऊन निघतील. एस.टी.नं कुर्डुवाडीपर्यंत, पुढं दाजींनी कळवलं आहे तसं. मी येणार नाही.

रागावू नकोस. येऊ नये याची दोन कारणं माझ्याकडं आहेत. त्यातलं खरं कोणतं हे मला ठरवता आलेलं नाही, म्हणून दोन्ही लिहिते.

पहिलं असं की मी गेले तर इथलं छप्पर राहणार नाही. मिस्त्री म्हणाले, दुसरी बाई तयार झाली तर ठेवू, नाहीतर तट्ट्या परत पाठवू. सुमनबाईंना मी अंगठ्याला दोरी बांधायला शिकवते आहे, पण त्या झोपेत सोडून टाकतात. काल रुद्रम्मानं विचारलं, "तू गेल्यावर माझं पोरगं कुनाच्या मांडीवर?" दोन महिन्यांत ती त्याविषयी पहिल्यांदा बोलली.

दुसरं कारण मी तुझ्यापासून लपवलं. तू पोरीबद्दल लिहू नकोस म्हणालीस तेव्हा मला वाईट वाटलं, पण आत कुठंतरी सुटल्यासारखंही झालं, कारण मग हे लिहावं लागणार नव्हतं. विशाखा मला आई म्हणते. छपरात बाकीची लेकरं संध्याकाळी आपापल्या आईला बघून ओरडतात, ते ऐकून ती मला म्हणायला लागली. मी प्रत्येक वेळी दुरुस्त केलं. मावशी म्हण, आई येणार आहे, आई ऊस आणणार आहे, असं सांगितलं. प्रत्येक वेळी केलं, एकदा सोडून. त्या दिवशी तिला ताप होता आणि मी नुसतीच ओ दिली.

मी तिथं आले तर ती दिवसभर माझ्या मांडीवर असेल. संध्याकाळी तू फडातून येशील, अंगाला पाचटाचा वास, हात कापलेले, आणि ती माझ्या पाठीमागं लपेल. तुला ते रोज बघावं लागेल. मलाही. चांगुणाबाईंजवळ ती परकी असेल, आणि परक्या जागी माणूस आपलं माणूस लवकर ओळखतं. तिला ओळखायला तू एकटीच असावीस.

आता तिच्याबद्दल लिहिते, कारण ते तुला लागणार आहे. तिला वरच्या दोन दाढा आल्या. पाणी स्वतःच्या हातानं पिते, पेला काढून घेतला तर रडते. डाव्या कुशीवर झोपते. तिला एकदम उचलू नकोस, आणि लगेच नावानं हाक मारू नकोस. हाक मारली की ती मागं सरते. हिरवं लुगडं पसरून त्यावर तू पाठ करून बस आणि भाकरी कुस्कर. ती आपण होऊन येईल. आधी लुगडं हातात घेईल, मग तुझ्या पाठीला टेकेल. ती टेकली तरी लगेच वळू नकोस. हे मला खूप दिवसांनी कळलं.

ती तुला मावशी म्हणाली तर ती माझी चूक आहे. मी तोच एक शब्द तिला पुन्हा पुन्हा शिकवत होते. हळूहळू जाईल.

तिची दोरी मी आजच सोडवून ठेवली, म्हणजे सोमवारी घाई नको. एक झोळी कमी झाल्यानं दोरी लांब उरते आहे. ती कापावी की तशीच ठेवावी, हे ठरत नाही. तशीच ठेवते. नवीन लेकरू येईलच कुणाचं तरी.

अक्का, एक मागते. तिच्याबद्दल मला लिहू नकोस. ती जेवली का, मला शोधलं का, हे लिहू नकोस. तू का म्हणाली होतीस ते आता मला कळलं. शेडबद्दल लिही. दुपारी पत्रा तापतो का, ऊन कोणत्या बाजूनं आत येतं, माठावर झाकण आहे का, झाकणावर दगड ठेवलाय का. चांगुणाबाईंच्या अंगठ्याला आता किती झोळ्या आहेत. दाजींना सांग, अक्षर बारीक काढलं तरी चालेल, मी वाचीन.

आणि शेवटी लेकरं बरी आहेत, एवढं लिही. सगळी.

तुझी,
तारामती